रॉकचा ड्रमर मोठा ठरतो तो कशामुळे?

कडक_ठेका

ड्रम्सचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: "रॉकमध्ये काय, जोरात बडवलं की झालं. खरे ड्रमर जॅझमधले." काही वर्षं माझंही हेच मत होतं. आता ते मला पटत नाही. का, ते जरा सविस्तर लिहितो. जॅझला कमी लेखायचं नाहीये. मॅक्स रोच आणि एल्विन जोन्स मी आजही नेमाने ऐकतो. म्हणणं एवढंच आहे की जॅझच्या ड्रमरला ज्या मापाने मोजतात, त्याच मापाने रॉकच्या ड्रमरला मोजायला गेलं तर त्याचा मोठेपणा दिसतच नाही.

मी शिकत होतो तेव्हाची गोष्ट. चार हातपायांनी चार वेगवेगळ्या गोष्टी वाजवायचे व्यायाम बऱ्यापैकी बसले होते. सरांनी एक दिवस एसी/डीसीचं 'बॅक इन ब्लॅक' वाजवायला सांगितलं. 1980चं गाणं, ड्रम्सवर फिल रड. लय मिनिटाला नव्वदीच्या थोडी पुढे. किक (पायाने वाजवायचा बास ड्रम), स्नेअर (कडक आवाजाचा मुख्य ड्रम), हाय-हॅट (एकमेकींवर मिटणाऱ्या दोन झांजा), बस. मला वाटलं, यात शिकण्यासारखं काय आहे? सरांनी माझं वाजवणं रेकॉर्ड केलं आणि मूळ गाण्यापाठोपाठ ऐकवलं.

माझी एकही मात्रा चुकली नव्हती, तरी ते ऐकवत नव्हतं. सर एकेक बार (चार मात्रांचा गट) थांबवून दाखवत गेले. स्नेअरचा एक घाव मधोमध, पुढचा अर्धा इंच सरकलेला, त्यामुळे दोघांचा आवाज वेगळा. एकात रिमचा, म्हणजे ड्रमच्या कडेचा, टणत्कार आहे, दुसऱ्यात नाही. हाय-हॅट स्नेअरइतकीच मोठ्याने वाजतेय, त्यामुळे स्नेअर पुढे येतच नाही. फिल (ठेका सोडून मधे वाजवायची छोटी भर) जवळ आली की आधीच्या बारमध्येच हात घाईला आलाय. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मला कंटाळा आलाय हे ऐकू येत होतं.

पुढचे तीन आठवडे मी दुसरं काहीही वाजवलं नाही.

साधा हिशोब करून बघा. चार मिनिटांचं गाणं, मिनिटाला 120 मात्रा. झाल्या 480 मात्रा, म्हणजे चार-चारचे 120 बार. प्रत्येक बारमध्ये दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर, म्हणजे 240 घाव. ते 240 घाव एकाच वजनाचे, एकाच जागी बसलेले हवेत, आणि तरीही शेवटचा घाव पहिल्याइतकाच ताजा वाटला पाहिजे. माझ्या मते रॉकच्या ड्रमरची खरी परीक्षा इथे होते. जॅझच्या ड्रमरने तीच गोष्ट 240 वेळा वाजवली तर आपण म्हणू त्याला काही सुचत नाहीये. रॉकमध्ये तीच गोष्ट तितक्याच विश्वासाने पुन्हा वाजवणं ही कला आहे.

राइडवाली

मी जॅझ वाजवते, त्यामुळे धागा उघडतानाच थोडी सावध होते. पण नीट मांडलंय, म्हणून नीट उत्तर देते.

सातत्य ही रॉकची मक्तेदारी नाही. जॅझमध्ये राइड सिंबल या मोठ्या झांजेवरचं 'टिंग, टिंग-ट-टिंग' हे सातत्यच असतं. मिनिटाला 300 मात्रांच्या लयीत दहा मिनिटं ते न विस्कटता वाजवून बघा. शिवाय बरेच जॅझ ड्रमर त्याच वेळी बास ड्रमवर चारही मात्रा इतक्या हलक्या वाजवत असतात की समोरच्याला त्या ऐकू येत नाहीत, फक्त जाणवतात. त्या काढल्या की डबल बासखालची जमीन गेल्यासारखी वाटते.

दुसरं म्हणजे ज्या बॅकबीटचं (दुसऱ्या-चौथ्या मात्रेवरच्या स्नेअरचं) तुम्ही इतकं कौतुक करताय, तो जॅझवाल्याच्या हातून आलाय. फॅट्स डॉमिनोचं 'द फॅट मॅन' 1949 साली न्यू ऑर्लिन्समध्ये रेकॉर्ड झालं, ड्रम्सवर अर्ल पामर. तिथल्या पारंपरिक जॅझमध्ये जोरकस बॅकबीट शेवटच्या आवर्तनासाठी राखून ठेवायचे, सगळे मिळून गाणं शिगेला न्यायचे तेव्हा. पामरने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत लावला. आणि हा माणूस मनाने बीबॉपचा, म्हणजे वेगवान आधुनिक जॅझचा होता.

त्यामुळे माझा प्रश्न असा: रॉकच्या थोर ड्रमरला त्याच्या बँडमधून उचलून अनोळखी तीन वादकांबरोबर बसवलं तर तो थोर राहतो का? जॅझचा ड्रमर रोज तेच करतो. समोरच्याने एक स्वर वेगळा घेतला की त्याचा डावा हात उत्तर देतो. 'अ लव्ह सुप्रीम'मध्ये (रेकॉर्डिंग डिसेंबर 1964) एल्विन जोन्स सॅक्सोफोनवादक कोल्ट्रेनला साथ देत नाही, त्याच्याशी बोलतो. त्या ट्रिपलेट (एका मात्रेत तीन ठोके) हातापायांत अशा वाटलेल्या आहेत की 'एक', म्हणजे पहिली मात्रा, कुठे आहे ते तुम्हाला आतून मोजावं लागतं. हा संवाद रॉकमध्ये कुठे आहे?

मंद्रसप्तक

बास गिटार वाजवतो. दोन्ही प्रकारच्या ड्रमरशेजारी उभा राहिलोय, म्हणून तिथून काय दिसतं ते सांगतो.

राइडवाली, संवाद रॉकमध्येही असतो, पण तो स्वरांच्या उत्तरात नसतो. मात्रेवर नेमकं कुठे बसायचं, यावर असतो. मिनिटाला 120च्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. स्नेअर त्यात 20 मिलिसेकंद मागे ठेवली, म्हणजे मात्रेचा पंचविसावा भाग, तर गाणं रेलून बसतं. तितकीच पुढे ठेवली तर गाणं धावायला लागतं, आणि लय बदललेली नसते! चांगला रॉक ड्रमर ही जागा ठरवतो आणि गाणंभर सोडत नाही. माझं काम त्याची किक कुठे पडतेय ते शोधून तिथे स्वर ठेवणं. तो डळमळला की माझ्या बोटांना काय करावं कळत नाही. तो ठाम असला की मी फार कमी वाजवूनही गाणं भरलेलं वाटतं.

रोलिंग स्टोन्सच्या चार्ली वॉट्सचा उजवा हात बघा. बहुतेक ड्रमर हाय-हॅटवर बारमधले आठही ठोके मारतात. वॉट्स दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला, स्नेअर मारताना, हाय-हॅट मारायचाच नाही. हात क्षणभर वर उचलायचा. त्यामुळे स्नेअरचा घाव एकटा, मोकळ्यावर पडतो. कोणत्याही व्यायामाच्या पुस्तकात याला चूक म्हणतील. ते स्टोन्सच्या गाण्यांचं चालणं आहे. आणि हा माणूस आयुष्यभर जॅझचा भक्त होता, जॅझ सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करवर त्याने स्वतः चित्रं काढून पुस्तक केलं होतं. त्याला जॅझचं सगळं माहीत होतं आणि तरी रॉकमध्ये काय वाजवायचं नाही हेही माहीत होतं.

स्टोन्सचं 'हाँकी टाँक विमेन' (1969) सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐका. लय चांगलीच वाढते. मेट्रोनोमच्या हिशोबाने दोष. कोणाला खटकतो? पाचही जण एकत्र वाढतात, म्हणून ऐकणाराही त्यांच्याबरोबर वाढतो.

नवशिका

सहा महिने झाले शिकायला लागून. मला एक विचारायचंय. वेगाचं काय? व्हिडिओंमध्ये सगळे वेगच दाखवतात. मी रोज तासभर वेगाचाच सराव करतो.

ध्वनिफीत

@नवशिका, वेग मिळवाच, पण आधी आवाज मिळवा. मी रेकॉर्डिंगचं काम करतो आणि माझ्या बाजूने या धाग्यात एक गोष्ट राहून जातेय: रॉकच्या ड्रमरचं वाद्य फक्त ड्रमसेट नसतं. तो ज्या खोलीत वाजतो ती खोलीही त्यात येते.

लेड झेपलिनचं 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स', 1971. इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात जॉन बॉनमचा सेट जिन्याखालच्या दालनात ठेवला. ध्वनिमुद्रक अँडी जॉन्सने सेटजवळ माइक लावलेच नाहीत. वरच्या मजल्यावरून जिन्याच्या मोकळ्या जागेत दोन माइक सोडले. तो आवाज दाबला, त्यावर प्रतिध्वनीचं यंत्र लावलं. जगात सगळ्यात जास्त वेळा उचलून वापरल्या गेलेल्या ड्रम-आवाजांमध्ये तो आहे.

पण नुसता जिना आणि दोन माइक असून भागत नाही. दूरच्या माइकवर ड्रमरचा तोल उघडा पडतो. जवळचे माइक असले की मी किक वाढवू शकतो, हाय-हॅट खाली घेऊ शकतो. दोनच माइक दूर टांगलेले असले की मला काहीच करता येत नाही. किक, स्नेअर आणि झांजा यांचं प्रमाण ड्रमरच्या अंगातूनच यावं लागतं. बॉनम झांजा जपून आणि ड्रम्स पूर्ण उघडून वाजवायचा. 26 इंची बास ड्रम, स्नेअरला भरदार आवाज, टॉम्स (सेटमधले बाकीचे गोल आवाजाचे ड्रम) नीट सुरात लावलेले. माझ्याकडे येणारे दहापैकी आठ ड्रमर झांजा फोडतात आणि किक पायाने नुसती चाटतात. मग मी मिक्सिंगमध्ये दिवसभर ते सावरत बसतो.

जॅझमध्ये याच्या उलट. 18 इंची बास ड्रम, ताण चढवलेला, जवळजवळ टॉमसारखा गाणारा. एकेरी पातळ हेड्स (ड्रमवर ताणलेले पडदे), कारण हलक्या ठोक्यालाही आवाज बोलला पाहिजे. वाद्यच वेगळ्या कामासाठी बांधलेलं आहे. त्यामुळे दोघांची तुलना करताना आधी विचारावं: याला आवाजाची कोणती पट्टी हवी होती आणि ती मिळाली का?

कडक_ठेका

@ध्वनिफीत, हे फार मोलाचं लिहिलंत. तोल अंगातून यावा लागतो हे माझ्या त्या तीन आठवड्यांचं सार आहे. हाय-हॅट हलकी आणि स्नेअर भारी, हे दोन्ही हात एकाच वेळी करायला शिकणं मला चार हातपायांच्या व्यायामांपेक्षा जड गेलं.

@राइडवाली, पामरबद्दल शंभर टक्के मान्य, आणि त्यात माझ्या बाजूचाही एक मुद्दा दडलाय. पन्नाशीच्या दशकातली रॉक-अँड-रोलची रेकॉर्ड्स ऐकताना गिटार सरळ आठात (बारमध्ये सारख्या अंतराचे आठ ठोके) चाललेली असते आणि ड्रमर अजून स्विंगमध्ये (एक लांब, एक आखूड ठोका) झुलत असतो. 'जॉनी बी. गुड' (1958) याच कानाने ऐका. दोन्ही एकमेकांवर घासतात आणि त्यातून ती खेच तयार होते. पुढे ड्रमर सरळ झाले. पण ज्यांच्या सरळ वाजवण्याच्या पोटात तो झोका शिल्लक राहिला तेच मोठे झाले, असं मला ठामपणे वाटतं. बॉनमचं 'फूल इन द रेन' (1979) घ्या: अर्ध्या लयीचा शफल (लांब-आखूड ठोक्यांचा झुलता ठेका), मधे स्नेअरवर जेमतेम ऐकू येणारे घोस्ट नोट्स. हा साचा ड्रमर बर्नार्ड पर्डीचा. 1982मध्ये जेफ पोर्कारोने टोटोच्या 'रोझॅना'साठी पर्डीचा शफल आणि बॉनमचा हा ठेका एकत्र केला, आणि हे त्याने स्वतः सांगितलंय. ती घोस्ट नोट मोठी झाली तर ठेका अडखळतो, गायब झाली तर कोरडा पडतो. यात जोर किती आणि नाजूकपणा किती, हे ज्याचं त्याने ठरवावं.

तुमच्या संवादाच्या प्रश्नावर लेड झेपलिनचंच 'ब्लॅक डॉग'. गिटारचं रिफ (पुन्हा पुन्हा येणारा स्वरांचा तुकडा) मात्रांच्या कुंपणाबाहेर जातं, ऐकणारा हरवतो. बॉनम त्याच्या मागे जात नाही. सरळ चारात राहतो आणि रिफला फिरून आपल्यापाशी येऊ देतो. एल्विन जोन्स कदाचित त्या रिफशी बोलला असता. बॉनम बोलत नाही, आणि त्यामुळेच रिफ परत येतं तेव्हा अंगावर काटा येतो. न बोलणं हाही एक निर्णय असतो.

राइडवाली

'ब्लॅक डॉग'चं उदाहरण पटलं. काल रात्री तीन वेळा ऐकलं. दोन खेपांच्या मधल्या शांततेत स्टिक्स एकमेकींवर टेकवल्याचा बारीक आवाजही येतो. बॉनम मोजत असतो.

पण एक लिहायलाच हवं. रॉकवाले जॅझकडे कायम शिकायला येत राहिले, हे नुसतं कौतुक म्हणून सांगत नाहीये. नील पिअर्ट 1974पासून रश या रॉक बँडमध्ये होता, जगभरचे ड्रमर त्याची नक्कल करत होते. नव्वदच्या दशकात, जॅझ ड्रमर बडी रिचला वाहिलेल्या अल्बमचं काम केल्यावर, तो फ्रेडी ग्रुबर या शिक्षकाकडे गेला आणि पुन्हा पहिल्यापासून शिकला. पकड बदलली, बसण्याची उंची बदलली, दोन ठोक्यांच्या मधे हात हवेत कसा फिरतो यावर काम केलं. मग रशचा 1996चा अल्बम 'टेस्ट फॉर एको'. वीस वर्षं शिखरावर असलेल्या माणसाला काहीतरी कमी वाटलं होतं. ते म्हणजे मात्रांच्या मधली मोकळीक. ती जॅझमध्ये पहिल्या दिवसापासून शिकवतात.

मंद्रसप्तक

आणि उलट दिशेनेही झालंय ना. टोनी विल्यम्स. 1963मध्ये जॅझ ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसकडे आला तेव्हा फक्त 17 वर्षांचा. जॅझमधलं सगळ्यात अवघड काम त्याने विशीच्या आत करून दाखवलं. आणि 1969मध्ये त्याने लाइफटाइम हा बँड काढला, जॉन मॅक्लॉफ्लिनच्या कर्कश गिटारसह, कान फाटतील इतक्या आवाजात. त्याला रॉकमध्ये काहीतरी ऐकू आलं होतं जे त्याच्याकडे नव्हतं.

मोकळी_झांज

सगळा धागा वाचला. कडक_ठेका, तुमच्या मांडणीत एक मोठं भोक आहे: द हू बँडचा कीथ मून.

240 घाव एकाच वजनाचे? मूनचे सलग चार घाव एका वजनाचे मिळणार नाहीत. हाय-हॅटवर ठेका धरून बसणं त्याला मानवायचंच नाही. दोन बास ड्रम, टॉम्सची रांग, आणि गायक जिथे श्वास घेईल तिथे हा कोसळणार. तो गाण्याच्या ओळीमागे जातो, लयीचं बघायला पीट टाउनशेंडची गिटार असते. तरी त्याला काढून द हू ऐका. त्याच्या 1978मधल्या मृत्यूनंतर चांगले ड्रमर आले, पण तो बँड तसा वाजला नाही.

आणि दुसऱ्या टोकाला मो टकर, व्हेल्व्हेट अंडरग्राउंडची. उभी राहून वाजवायची, बास ड्रम आडवा करून त्यावर मॅलेट्स (मऊ टोकाच्या काठ्या), झांजा जवळजवळ नाहीतच. तंत्राच्या कोणत्याच परीक्षेत ती बसणार नाही. तिच्याशिवाय ते संगीत कोसळेल.

कडक_ठेका

मोकळी_झांज, दोन दिवस यावर विचार करत होतो. तुमचं बरोबर आहे. सातत्य हे माप मी माझ्या आवडत्या ड्रमरांवरून काढलं आणि सगळ्यांना लावलं. जॅझवाल्यांबद्दल माझी जी तक्रार होती तेच मी केलं.

मून, टकर, रड, वॉट्स, बॉनम यांना एका रांगेत उभं केलं तर तंत्रात काहीच सारखं सापडत नाही. सारखं आहे ते एवढंच की त्यांचा ठेका बदलला तर गाणं दुसरंच होतं. जॅझमध्ये धून उभी राहते आणि रोज नवा ड्रमर तिला नवा अर्थ देतो. रॉकमध्ये ड्रमरचा भाग हा बऱ्याचदा धुनेचाच भाग असतो. बीटल्सच्या 'कम टुगेदर'मधला रिंगोचा टॉम्सवरून घरंगळत येणारा ठेका काढून तिथे उत्तम, अचूक बॅकबीट ठेवा. शब्द तेच, सूर तेच, पण ते गाणं नाही. रिंगो डावखुरा होता आणि उजव्या हाताच्या सेटवर वाजवायचा, त्यामुळे त्याच्या फिल्स अशा ठिकाणाहून सुरू होतात जिथून दुसऱ्या कुणाच्या झाल्या नसत्या. त्याने ते लपवलं नाही, त्याचीच भाषा केली.

राइडवालींचा पहिला प्रश्न होता की बँडबाहेर काढल्यावर तो थोर राहतो का. माझं उत्तर: कदाचित नाही राहणार, आणि त्याने त्याचं काम लहान होत नाही.

नवशिका

वेगाचा सराव वीस मिनिटांवर आणलाय. बाकी वेळ 'बॅक इन ब्लॅक'. फोनवर रेकॉर्ड केलं. दुसऱ्या मिनिटानंतर माझी स्नेअर पातळ व्हायला लागते. हात दुखत नाही, तरी पातळ होते. असं का होतं?

ध्वनिफीत

हात दुखत नाही, पण लक्ष सुटतं, आणि लक्ष सुटलं की स्टिकचं आधीच्या उंचीपर्यंत वर जाणं थांबतं. समोर फोन ठेवून बाजूने व्हिडिओ काढा. पहिल्या बारमध्ये स्टिकचं टोक खांद्याच्या रेषेत असेल, साठाव्या बारमध्ये छातीच्या खाली असेल. जोर लावू नका, उंची सांभाळा.

राइडवाली

मीही करून पाहिलं. वीस वर्षं वाजवतेय आणि चार मिनिटं नुसता तो ठेका धरायचा म्हणून बसले. तिसऱ्या मिनिटाला डाव्या हाताने आपोआप एक घोस्ट नोट टाकली, मग दुसरी. मी ठरवून टाकल्या नव्हत्या, हाताला गप्प बसवत नव्हतं. पुन्हा सुरुवातीपासून लावलं. चौथ्या प्रयत्नात शेवटपर्यंत गेले, एकही जास्तीचा ठोका न टाकता, आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात खोलीतला आवाज खरंच रुंद झाल्यासारखा वाटला. मंद्रसप्तक, त्या जागेवर बास कुठे बसतो ते मला ऐकायचंय. आणि आता वॉट्सचं हाय-हॅट उचलणं करून बघतेय. उजवा हात दुसऱ्या मात्रेला थांबायलाच तयार नाही.